दोडामार्गचं वडिलोपार्जित जंगल : राखावं की रबराला द्यावं?

प्रश्न, थोडक्यात : दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या अंगाला आमच्या सामाईक सातबाऱ्यावर अठरा एकर जंगल आहे. आम्ही चुलत भावंडं सगळी मुंबई-पुण्याला. एक व्यापारी उभी झाडं विकत घेऊन नंतर जमीन रबरासाठी भाडेपट्ट्याने घ्यायला तयार आहे. हे खरंच वर्षावन आहे की नुसतं रान? राखलं तर आम्हाला आणि गावाला मिळणार काय? आणि रबर हीसुद्धा झाडंच, मग बिघडतं कुठे?

उत्तर :

तिसरा प्रश्न आधी घेतो. व्यापारी तुम्हाला हेच पटवणार आहे, आणि दक्षिण कोकणातली बरीचशी जंगलं गेली ती याच समजुतीपायी. जंगल तोडून खाली उघडा माळ राहिला तर निदान लोक हळहळतात. त्या जागी रबर, काजू किंवा अननस आलं की कोणाला काही वाटत नाही, कारण डोंगर हिरवाच राहतो. सरकारी आकड्यांतही तो हिरवाच राहतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादन मोजते ते असं : एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचं छत्र दहा टक्क्यांवर असलं की ती जागा धरायची, मग झाड कोणतं आणि जमीन कोणाची हे बघायचं नाही. म्हणजे तुमची राई तोडून तिथे रबर उभं राहिलं, तर काही वर्षांनी अहवालात जंगल होतं तेवढंच दिसेल.

गंमत अशी की रबर हे वर्षावनाचंच झाड आहे, फक्त इथल्या नव्हे, अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या. आपल्या मूळ जागी ते रानात विखुरलेलं उगवतं, एका झाडापासून दुसरं बरंच लांब. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने तिथल्या हजारो बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या, तिथली रोपं श्रीलंका आणि मलायात गेली, आणि आशियातली रबराची शेती बहुतांशी त्याच बियाण्यावर वाढली. पुढे मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९२८ पासून ब्राझीलमध्ये तापाजोस नदीकाठचं जंगल साफ करून ‘फोर्डलँडिया’ नावाचा रबराचा मोठा मळा उभारला. झाडं ओळीत, एकाला एक लागून. पानांवरच्या बुरशीने आणि किडीने मळ्याची वाट लावली आणि १९४५ मध्ये कंपनीने तो ब्राझील सरकारला कवडीमोलाने देऊन टाकला. आशियात रबर फोफावलं कारण ती बुरशी अजून इकडे आलेली नाही, एवढंच.

ही गोष्ट सांगण्याचं कारण म्हणजे वर्षावन चालतं कसं ते तिच्यात दिसतं. बारमाही ऊब आणि ओलावा असलेल्या जागी कीड आणि बुरशी यांना थंडीची सुट्टी नसते. एकाच जातीची झाडं शेजारी-शेजारी असली की एकाचा रोग सगळ्यांना लागतो. झाडाच्या पायाशीच पडलेलं बी बहुधा मरतं, लांब गेलेलं तगतं. डॅनियल जॅन्झेन आणि जोसेफ कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९७१ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली आणि तिच्यावर अजूनही काम चालू आहे. वर्षावनात जाती भरपूर आणि एकेका जातीची झाडं मोजकी का, याचं एक मोठं कारण हे आहे.

मग बी लांब न्यायचं कोणी? वाऱ्याचं तिथे फारसं चालत नाही, कारण छत्राखाली वारा नसतो, आणि सावलीत उगवणाऱ्या रोपाला शिदोरी लागते म्हणून बी मोठं, जड असतं. ते गिळून नेणारा प्राणी हवा. आपल्याकडे हे काम उदमांजर, वटवाघळं आणि मोठी कबुतरं करतात, पण सगळ्यांत मोठ्या बियांसाठी धनेश लागतो. तुमच्या गावात त्याला गरुड किंवा माडगरुड म्हणत असतील. धूप, रानजायफळ, वडा-पिंपळाच्या कुळातली फळं तो गिळतो आणि बी पार दुसऱ्या डोंगरावर टाकतो. मलबारी कवड्या धनेश तर काजऱ्याची फळंही खातो, जी माणसाला विषारी. या पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन दार लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तीन-चार महिने नर तिला बारीकशा फटीतून भरवत राहतो. एवढी मोठी ढोली फक्त म्हाताऱ्या झाडाला असते. कोकणात ते झाड पुष्कळदा बेहडा निघतं, ज्याला तुमच्याकडे हेळा म्हणतात आणि ज्याला फर्निचरचा भाव नसल्याने व्यापारी ‘फालतू लाकूड’ म्हणून ट्रकभर उचलतो. हेळा गेला की ढोली गेली, ढोलीबरोबर धनेश गेला, आणि मग उरलेल्या जंगलातल्या मोठ्या बियांच्या झाडांना पुढची पिढी नाही. झाडं तशीच उभी असतात, पण त्यांच्याखाली त्यांचीच रोपं सापडत नाहीत. असं वांझ झालेलं जंगल ओळखायला अनुभवी नजर लागते आणि ते पूर्ण संपायला शंभर वर्षं लागू शकतात. तेवढा वेळ असल्याने कोणी घाई करत नाही.

रबराच्या बागेत यातलं काहीच नसतं. लागवडीआधी जेसीबीने उतारावर पायऱ्या काढतात, खालचं सगळं रान काढतात, एकाच वयाची झाडं लावतात आणि पंचवीस-तीस वर्षांनी चीक कमी झाला की सगळी एकदम तोडून नव्याने लावतात. ढोली धरण्याइतकं वय त्या झाडांना मिळतच नाही. मी रबराच्या विरोधात नाही. आधीच उघड्या पडलेल्या जमिनीवर, पडीक वरकसावर (उताराच्या हलक्या जमिनीवर) कोणी रबर लावत असेल तर मी अडवणार नाही. केरळातून येऊन इथे बागा करणाऱ्यांना शिव्या घालण्यातही अर्थ नाही. जमीन त्यांना आपणच विकली. प्रश्न फक्त उभं जंगल काढून त्याजागी रबर आणण्याचा आहे.

आता पहिला प्रश्न. वर्षावन म्हटलं की डोळ्यांपुढे अॅमेझॉन, काँगो, बोर्निओ येतं आणि त्यापुढे आपला सह्याद्री किरकोळ वाटतो. पण सुमारे सोळाशे किलोमीटरच्या या रांगेत, तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत, सदाहरित जंगलाचे तुकडे आहेत आणि ते त्याच जातकुळीतले आहेत. फरक पावसाच्या वाटपात आहे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जगातल्या बहुतेक वर्षावनांपेक्षा जास्त. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. केरळच्या दक्षिण टोकाला अगस्त्यमलैत कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा, आपल्याकडे सात-आठ महिन्यांचा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाऊस जवळजवळ नाही, तरी झाडं पानं टाकत नाहीत, हे उत्तर सह्याद्रीचं खरं नवल. हे जमतं ते घाटमाथ्यावरच्या धुक्यामुळे, वहाळांच्या (ओढ्यांच्या) काठच्या ओलीमुळे आणि मुख्यतः जंगलाने स्वतःच सावलीत राखलेल्या मातीमुळे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. इथलं सदाहरित जंगल आपल्याच बळावर उन्हाळा काढतं. एकदा छत्र फाटलं की ते परत येईलच असं नाही. दक्षिणेत तोडलेलं जंगल पुन्हा उभं राहण्याची आशा जास्त, इथे कमी.

तुमच्या अठरा एकरांत नक्की काय आहे ते इथे बसून मी सांगू शकत नाही, पण तपासायचं कसं ते सांगतो. एप्रिल-मेमध्ये जा, पावसाळ्यात नको. पावसाळ्यात कुठलंही रान वर्षावन दिसतं. भर दुपारी आत शिरल्यावर हवा बदलते का? पातेरा (पडलेला पालापाचोळा) उकरला तर खालची माती ओलसर, काळसर आहे का? वरती अंजनी, जांभूळ, पिसा, फणसी, सुरंगी, धूप यांतलं काय काय आहे? भेरली माड आहे का? मांडीएवढी जाड गारंबीची वेल झाडांवरून झाडांवर गेली आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मोठ्या झाडांच्या सावलीत त्यांची बारीक रोपं आहेत का? या बहुतेकांना हो म्हणता आलं तर ते वर्षावन धरून चाला. ऐन, किंजळ, नाणा यांचं प्रमाण जास्त असेल तर निमसदाहरित. बुंध्यातून चार-पाच फुटवे आलेली झाडं दिसली तर पूर्वी कधीतरी तिथे तोड झाली आहे, कोळशासाठी किंवा कुमरीसाठी, म्हणजे रान जाळून केलेल्या फिरत्या शेतीसाठी. त्याने नाउमेद होऊ नका. कोकणातलं बहुतेक जंगल असंच तोडून परत आलेलं आहे.

वहाळाच्या सखल, दलदलीच्या जागेत गुडघ्यासारखी वाकलेली मुळं जमिनीतून वर आलेली दिसली तर मात्र तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. ती रानजायफळाची दलदल असू शकते. हे जंगल इतकं दुर्मीळ आहे की महाराष्ट्रात ते हेवाळे-बांबर्डे इथे, तुमच्याच तालुक्यात, सापडल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांना आनंदाचं भरतं आलं होतं. पलीकडे गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई त्याच प्रकारची. दोन्ही जागा टिकल्या त्या देवाच्या म्हणून. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या देवळातल्या पाण्यात २०२० मध्ये शास्त्राला नवीन असा मासा सापडला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. वाघासारखे पट्टे असलेला आंबोलीचा भेक २००९ मध्ये शास्त्रीय नोंदीत आला आणि त्याचं जगातलं घर म्हणजे या परिसरातले थोडे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं. या भागात अजून कितीतरी जीवांना नाव मिळायचं आहे, हे मी उगाच म्हणत नाही.

दुसरा प्रश्न, मिळणार काय.

प्राणवायू हे उत्तर शाळेत शिकवतात ते आधी बाजूला ठेवू. ‘अॅमेझॉन जगाला वीस टक्के प्राणवायू पुरवतो’ हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण जुनं, स्थिरावलेलं जंगल जेवढा प्राणवायू तयार करतं जवळजवळ तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि कुजण्यात खर्च होतो. जंगल तोडल्याने आपण गुदमरणार नाही. कर्बाचा मुद्दा खरा आहे, लाकडात आणि मातीत साठलेला कर्ब तोडीनंतर हवेत जातो. पण तुमच्या वाडीतल्या माणसाला यातल्या कशाचंच सोयरसुतक नसतं आणि नसावं. त्याला पाणी कळतं.

सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरी तळाला जातात. पाऊस कमी पडत नाही, पडलेलं पाणी थांबत नाही. उतारावरच्या उघड्या किंवा चेपलेल्या जमिनीवर आषाढातला पाऊस पडला की तो मुरण्याआधी वाहून जातो. जंगलात छत्र, खालची झुडपं, पातेरा, मुळांनी आणि वाळवी-गांडुळांनी सच्छिद्र केलेली माती, असे एकामागून एक टप्पे असतात आणि पाणी खाली उतरतं. शेजारच्या उत्तर कन्नडमध्ये संशोधकांनी नैसर्गिक जंगल, ऱ्हास झालेलं रान आणि अकेशियाची लागवड यांची तुलना केली आहे. पाणी मुरण्यात नैसर्गिक जंगलाची माती पुढे राहते आणि तिथले ओढे पावसाळ्यानंतर जास्त काळ धरून राहतात. नुसती झाडं लावून जुन्या मातीचे गुण पटकन परत येत नाहीत. रबराच्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात उतरणारं लाल पाणी तुम्ही पाहिलंच असेल. ती माती परत यायची नाही.

माती का परत येत नाही? लोकांना वाटतं एवढं घनदाट रान म्हणजे खाली सोन्यासारखी जमीन. उलट आहे. वर्षानुवर्षं धो-धो पावसाने खालच्या जमिनीतलं अन्न कधीच धुऊन नेलेलं असतं. कोकणात खाली जांभा असतो, लोह आणि अॅल्युमिनियम उरलेला. सगळं पोषण वरच्या झाडोऱ्यात आणि वीतभर थरात फिरत असतं. पान पडलं की बुरशी आणि किडे ते महिन्यांत फोडतात आणि मुळं लगेच उचलतात. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरासारखा हा कारभार आहे, शिल्लक टाकलेली नसते. तोडून जाळलं की राखेवर एक-दोन पिकं झकास येतात, मग जमीन बसते. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं, म्हणूनच कुमरी करणारे दर काही वर्षांनी जागा बदलत आणि आधीची जागा पुष्कळ वर्षं सोडून देत. सोडून द्यायला जागा उरली नाही तेव्हा ती पद्धतही बिघडली.

दरडींबद्दलही लोक विचारतात. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) या दुर्घटनांनंतर ‘जंगलतोडीमुळेच झालं’ असं सरसकट बोललं जातं. मी एवढं ठाम बोलत नाही. खोल मुळांची, वेगवेगळ्या वयांची झाडं उताराचा वरचा थर नक्कीच धरून ठेवतात. पण काही तासांत शेकडो मिलिमीटर पाऊस झाला आणि खालचा खडकच सुटला तर जंगलासकट डोंगर खाली येतो. जेसीबीने उतार कापणं मात्र कुठल्याही परिस्थितीत धोका वाढवतं, आणि तुमच्या व्यवहारात तेच होणार आहे.

आरोग्याचा एक मुद्दा तुमच्या तालुक्याला चांगलाच ठाऊक आहे. २०१६ मध्ये दोडामार्गात माकडतापाने माणसं दगावली. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा भागातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीतून येतो, माकडं आणि माणसं दोघंही आजारी पडतात. तेव्हा गावोगाव ‘जंगल आहे म्हणून ताप आला, तोडून टाका’ असा सूर होता. अभ्यास वेगळीकडे बोट दाखवतात. जंगलाचे तुकडे होऊन मधे बागा घुसल्या की माणूस, गुरं, माकड आणि गोचीड रोज एकमेकांच्या वाटेत येतात. काजूच्या बिया वेचण्याचा हंगाम आणि बारक्या गोचिडींचा हंगाम एकच. जंगलाच्या कडा वाढल्या की धोका वाढतो. हत्तींचंही तेच. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून ते तिलारीच्या खोऱ्यात उतरले आणि आता माडा-केळींत हिंडतात. त्यांना परत पाठवायला आणि रानातच ठेवायला दोन्हीला मोठं सलग रान लागतं, जे आपण चौकटी-चौकटींनी विकतो आहोत.

औषधांचा फायदा सांगताना मला नेहमी नरक्या हे झाड आठवतं. चीनमधल्या एका झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये वेगळं केलं ते मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, अमेरिकेत. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. तेच द्रव्य १९७२ मध्ये सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं. त्यापासून बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं आज जगभर वापरतात. आणि आपल्या घाटात काय झालं? दलाल आले, गावकऱ्यांनी किलोच्या फुटकळ भावाने नरक्या मुळासकट उपटून दिला. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या कितीतरी रानांतून तो दिसेनासा झाला. औषधाची किंमत आणि रानातला भाव यांच्यातली दरी ज्यांना बघायची असेल त्यांनी ही साखळी अभ्यासावी. ‘जंगलात औषधं आहेत’ हे वाक्य मालकाच्या फायद्याचं आपोआप होत नाही.

मग पैशाचं काय? स्पष्ट बोलतो. उभं जंगल तुम्हाला रबराइतका पैसा देणार नाही. कोणी देईल म्हणून सांगत असेल, कर्ब-क्रेडिटच्या नावाने अठरा एकरांवर लाखोंचं स्वप्न दाखवत असेल, तर त्याच्याकडून आधी लेखी हिशेब मागा. छोट्या मालकाच्या हाती त्यातलं काही पडणं अवघड आहे. होण्यासारख्या गोष्टी माफक आहेत. संगमेश्वर भागात पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने खासगी जंगलमालकांशी करार केले, हिरडा-बेहड्याची फळं नियमात गोळा करून त्यांना फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून दिलं आणि परदेशी चहा-औषध कंपनीला चांगल्या भावात विकली. ज्या हेळ्यांवर धनेशाची घरटी होती तेच हेळे त्यामुळे उभे राहिले. रातांबा, वावडिंग, शिकेकाई, मध आहे. पक्षी आणि बेडूक बघायला येणारे लोक आंबोलीत पैसे खर्च करतात, दोडामार्गात अजून कमी. हे सगळं मिळून रबराच्या जवळ जाणार नाही. पण रबराचा भाव जागतिक बाजारावर हलतो, गेल्या दशकात केरळातल्या शेतकऱ्यांनी कोसळलेला भाव पाहिला आहे, आणि पहिला चीक मिळायला सुमारे सात वर्षं जातात. भाडेपट्टा किती वर्षांचा आणि शेवटी जमीन कोणत्या स्थितीत परत मिळणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

धोक्यांची यादी मोठी आहे, सगळी देत नाही. कळण्याची लोहखनिजाची खाण तुम्हाला माहीत आहे. गोव्यात मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकदम आले, लोक रस्त्यावर उतरले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या प्रकल्पाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. अशा रेषा जंगलाचा फार थोडा भाग खातात, पण शेकरूसारख्या सहसा जमिनीवर न उतरणाऱ्या प्राण्याला छत्रातली तेवढी फट पुरेशी असते. केंद्राच्या मसुद्याप्रमाणे पश्चिम घाटात ५६,८२५ चौरस किलोमीटर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र व्हायचं आहे, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. २०१४ पासून मसुदेच निघत आहेत, सहावा २०२४ मध्ये निघाला. त्या भरवशावर राहू नका.

एका धोक्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, कारण बोलणारा गावाचा वैरी ठरतो. देवळाचा जीर्णोद्धार. कौलारू, लाकडी देऊळ पाडून सिमेंटचं बांधायचं, त्यासाठी पैसा हवा, म्हणून देवाला कौल लावून राईतले चार मोठे वृक्ष विकायचे. शेकडो वर्षं जी राई कुऱ्हाडीपासून देवाच्या धाकाने वाचली ती देवाच्याच नावाने विरळ होते. मुंबईतून वर्गणी पाठवणारे चाकरमानी यात मोठे भागीदार असतात. तुमच्या गावची राई शिल्लक असेल तर वर्गणीबरोबर ‘झाड तोडणार नसाल तरच’ एवढी एक अट घाला. मानकरी ऐकतात, मी पाहिलंय.

पाऊस हा मुद्दा गावापुरता राहत नाही. अॅमेझॉनमध्ये पडणाऱ्या पावसाचा जवळपास निम्मा भाग तिथलीच झाडं पुन्हा वाफ करून हवेत सोडतात हे १९७० च्या दशकात एनेयास सालाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने दाखवलं. तिथलं सुमारे सहावा हिस्सा जंगल गेलं आहे आणि आणखी थोडं गेलं तर उरलेलं आपोआप वाळू लागेल अशी भीती शास्त्रज्ञ व्यक्त करतात. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की मोसमी वाऱ्यांच्या काळात तमिळनाडूला मिळणाऱ्या पावसात पश्चिम घाटातल्या जंगलाने सोडलेल्या बाष्पाचा मोठा वाटा असतो. तुमच्या अठरा एकरांनी चेन्नईचा पाऊस ठरत नाही. पण दक्षिण कोकणात बहुतेक जंगल सरकारचं नसून अशाच अठरा-वीस एकरांच्या सातबाऱ्यांवर आहे. इथे अभयारण्य जाहीर करून काम भागत नाही. निर्णय प्रत्येक घराला घ्यावा लागतो.

आता करायचं काय.

कायदा आधी. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ पासून बंदी घातली आहे आणि मार्च २०२४ मध्ये पंचवीस गावं संवेदनशील क्षेत्रात घेण्याबाबत केंद्राला निर्देश दिले आहेत. तुमचं गाव त्यात आहे का ते वनविभागाकडून लेखी घ्या. नसलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहेच, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जंगल खासगी असलं तरी ते जंगलच. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘खाजगी वने’ असा शेरा आहे का बघा, १९७५ च्या कायद्याचा. ‘परवानगीचं मी बघतो’ असं व्यापारी म्हणाला असेल तर गुन्हा दाखल होताना नाव मालकाचं लागतं, हे सगळ्या भावंडांना सांगा.

सामाईक जमिनीचं दुखणं असं की एका हिस्सेदाराला पैशाची खरोखर गरज असते आणि बाकीचे त्याला पर्यावरणाचं व्याख्यान देतात. तसं करू नका. ज्याला गरज आहे त्याचा हिस्सा बाकीच्यांनी घ्यावा, किंवा आधीच उघडा असलेला भाग त्याच्या वाटणीला द्यावा. अठरा एकरांत असा तुकडा बहुधा असतोच. तिथे कोकम, काळी मिरी, थोडा काजू होईल, वाटलं तर रबरही.

उरलेल्या जंगलात झाडं लावायच्या भानगडीत पडू नका. अकेशिया आणि गिरिपुष्प तर अजिबात नको. सड्यावर तर काहीच लावू नका, तिथलं गवत आणि पावसाळी फुलं हीच तिथली संपत्ती. डिसेंबरात कडेने जाळरेषा काढा, शेजारच्या राबाची (शेत भाजण्याची) आग आत येणार नाही अशी. कवळ, म्हणजे शेतात जाळायला हिरव्या फांद्या, तोडणाऱ्यांशी बोलून ठेवा. रानमोडी (बाहेरून आलेलं तण) ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फुलावर यायच्या आधी, मुळासकट काढा, पण एका वेळी थोडीच आणि फक्त जिथे खाली देशी रोपं दिसतात तिथे. चांदाड्याचं झाड कुचकामी म्हणून तोडू नका, त्याच्याच सावलीत पुढची रोपं उभी राहतात. मोठी खिंडारं असतील तरच रोपं लावा आणि ती त्याच डोंगरातल्या बियांची. या झाडांचं बी वाळवून डब्यात ठेवता येत नाही, धूप-जायफळासारखं ताजं बी काही दिवसांत-आठवड्यांत पेरावं लागतं. सीडबॉल (बी घातलेले मातीचे गोळे) फेकण्याच्या सहली मुलांना आनंद देतात, पण या जंगलाच्या उपयोगाच्या नाहीत.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेल. तिच्या नोंदवहीत तुमच्या जंगलातले धनेशाचे हेळे, वहाळ आणि दलदल असेल तर ती लिहून घ्या. उद्या रस्ता किंवा खाण आली तर ही नोंद कामाला येते.

आणि व्यापाऱ्याला उत्तर देण्याआधी वहाळाच्या कडेने खाली चालत जा. खालच्या वाडीच्या नळपाणी योजनेची विहीर कुठे आहे, मेमध्ये तिला किती पाणी असतं आणि ते कोणत्या झऱ्याचं, हे तिथल्या लोकांना विचारा. झरा तुमच्या जमिनीतून येत असेल तर भावंडांच्या बैठकीला त्या वाडीतल्या दोघा-तिघांनाही बसवा.